फुलं आलीच नाहीत, मग आलू काढायचे कधी?

काल सकाळी गच्चीवर ताडपत्री अंथरली आणि पाच ग्रो बॅग एकेक करून उलटवल्या. ७ किलो २०० ग्रॅम आलू निघाले, किचनच्या छोट्या काट्यावर एवढं एकदम मावत नाही म्हणून चार खेपांमध्ये मोजले. सहावी बॅग मुद्दाम ठेवली आहे, तिचं नंतर सांगते.

पुण्या-मुंबईचे वाचक बटाटा म्हणतात, आम्ही नागपुरात आलू म्हणतो, आलुबोंड्याच्या गावात दुसरं काय म्हणणार, त्यामुळे इथे आलूच लिहिणार आहे, चालवून घ्या.

हा माझा तिसरा हिवाळा. पहिल्या दोन वर्षांत जे नुकसान झालं ते सगळं काढायच्या वेळेला झालं, लावताना नाही. लावायचं कसं ते सगळेच सांगतात, माती कशी करा, डोळे कसे ठेवा, बॅग केवढी घ्या, पण झाडं उभी आहेत, हिरवी आहेत, खाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि आज काढू का अजून आठ दिवस थांबू, या प्रश्नाशी तुम्ही एकटेच गच्चीवर उभे असता. टमाटर लाल होतं, वांगं दिसतं, मिरची दिसते. आलू दिसत नाही. म्हणून आज लावण्याबद्दल थोडं आणि काढण्याबद्दल जास्त लिहिते.

पहिल्या वर्षी २५ ऑक्टोबरला लावले होते. डिसेंबरच्या शेवटी लेकीला सुट्ट्या लागल्या, ती रोज विचारायची, आई आज काढायचे का, आणि नाताळच्या आदल्या दिवशी मी एक बॅग उलटवली, मग हौसेहौसेने सगळ्याच उलटवल्या. साठ दिवस झाले होते फक्त. बहुतेक आलू कंच्यांएवढे (म्हणजे गोट्यांएवढे), काही लिंबाएवढे. धुवायला घेतले तर नळाच्या धारेनेच साल निघून येत होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. खायला चविष्ट होते यात शंका नाही, पण सगळे एकाच दिवशी खाणं शक्य नव्हतं, आणि टोपलीत ठेवलेले चार-पाच दिवसांत सुरकुतून मऊ पडले. साल पक्की झाली नसेल तर आतलं पाणी उडून जातं, हे मला नंतर कळलं. आणि त्याहून वाईट वाटलं ते दुसरं कळल्यावर, की साठ ते नव्वद दिवसांचा जो काळ असतो ना, त्यातच आलू खरे भरतात. साठाव्या दिवशी झाडाने कारखाना नुकता पूर्ण जोरात चालू केलेला असतो आणि मी तो बंद केला.

म्हणून दुसऱ्या वर्षी ठरवलं की घाई अजिबात करायची नाही.

त्या वर्षी घरच्या लग्नामुळे लावायलाच २२ नोव्हेंबर उजाडला. झाडं मस्त आली, गुडघ्याच्या वर गेली. मी बाहेरच्या देशांतले बागकामाचे व्हिडिओ खूप पाहायचे तेव्हा, आणि सगळ्यांत एकच सांगितलेलं, फुलं आली की समजा आलू धरले, फुलं गळाली की दोन-तीन आठवड्यांनी काढा. मी फुलांची वाट पाहत बसले. जानेवारी गेला, फुलं नाहीत. फेब्रुवारी अर्धा गेला, एका झाडावर दोन कळ्या आल्या आणि न उमलताच गळून पडल्या. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून गांडूळखत घातलं, पाणी वाढवलं, झाडं आणखी हिरवी झाली, मी खूश. मग मार्च लागला आणि आठ-दहा दिवसांत सगळा पाला करपल्यासारखा आडवा पडला. तरीही मी म्हटलं राहू दे मातीतच, मातीत छान टिकतात म्हणतात, लागतील तसे काढू. १५ मार्चला, म्हणजे ११३ व्या दिवशी, भाजीला हवे म्हणून पहिल्या बॅगमध्ये हात घातला तर माती गरम होती. कोमट नाही, गरम. दुपारी स्लॅबवर ठेवलेली काळी बॅग, बाहेर ३७, आत काय असेल विचार करा.

त्या बॅगमधून जे निघालं ते अजून डोळ्यासमोर आहे. एका आलूच्या टोकाला दुसरा बारका आलू, त्याच्या टोकाला तिसरा, माळेत मणी ओवावे तसे. काहींना मातीतच पांढरे कोंब फुटलेले. तीन-चार तर हातात घेतल्याबरोबर पिचकले आणि असा वास सुटला की आई खालून विचारायला लागली, काय मेलंय गं वर? सहा बॅगांमधून खाण्यासारखे जेमतेम दोन किलो. मी त्या दिवशी खरंच रडले, चार महिने रोज पाणी घातलं होतं.

सौसरच्या मामाला फोन केला. माझा मामा तिकडे शेती करतो, नागपूरपासून जवळच आहे सौसर, राज्य मध्य प्रदेश पण घराघरात मराठी. संत्रा आहे, कापूस आहे आणि थोडा आलू दरवर्षी असतोच, छिंदवाड्याकडचा आलू आपल्या कळमन्याच्या मार्केटला येतोच की. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुले कोनं सांगतलं का आलूले फुलं येतेत मनून? आपल्या इकडं फुलं पाहून आलू नाही काढत बाई. दिवस मोज, पानं पाय, अन् सगळ्यात आधी ऊन पाय." (पाय म्हणजे पाहा.)

फुलं का येत नाहीत हे मात्र मामाला सांगता आलं नाही, ते मी नंतर शोधून वाचलं आणि मला ते इतकं आवडलं की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आलूच्या झाडाला फुलायला लांब दिवस लागतात. थंड देशांत तो वसंतात लावतात आणि उन्हाळ्यात वाढतो, तेव्हा तिकडे दिवस पंधरा-सोळा तासांचे, म्हणून झाडं फुलांनी भरतात. आपल्याकडे तो वाढतो ऐन हिवाळ्यात, तेव्हा नागपुरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, मग फुलं क्वचितच. आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या नावात कुफरी असतं ना, कुफरी ज्योती, कुफरी पुखराज, कुफरी चंद्रमुखी, ते याच कारणाने. कुफरी हे सिमल्याजवळचं डोंगरातलं गाव. खाली मैदानात झाडांना फुलंच नीट येत नाहीत तर दोन जातींचा संकर करणार कसा, म्हणून केंद्रीय आलू संशोधन संस्थेचं संकराचं काम वर कुफरीला चालतं, तिथे उन्हाळ्यात झाडं भरभरून फुलतात. ही संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला हलवली. म्हणजे ज्या फुलांची मी गच्चीवर दोन महिने वाट पाहिली ती फुलं पाहायला शास्त्रज्ञांना डोंगर चढावा लागला! आणि गंमत बघा, जे आखूड दिवस फुलं अडवतात तेच आखूड दिवस आणि थंड रात्री मिळून खाली आलू धरायला लावतात. फूल नाही म्हणजे आलू नाही असं समीकरण आपल्याकडे नाहीच.

(कुफरी लवकर नावाचीही एक जात आहे, १९७२ ची, पठारी भागासाठी काढलेली, आणि तो लवकर म्हणजे आपला मराठीतलाच लवकर, कारण ती लवकर तयार होते. मला ते वाचून फार आपलं वाटलं.)

आता ऊन पाय म्हणजे काय, ते. माती साधारण १५ ते २० डिग्रीच्या आसपास असली की आलू छान भरतात. माती ३० च्या वर गेली की नवीन आलू धरणं जवळपास थांबतं, झाड जे काही बनवतं ते गरमीत स्वतःच खर्च करून टाकतं, आणि त्यातून मधेच पाणी मिळालं की आधी थांबलेले आलू पुन्हा वाढायला लागतात, पण जाड होत नाहीत, टोकाला नवीन गाठ काढतात. ती मण्यांची माळ तशी झाली होती. नागपुरात हे थंडीचं दार किती दिवस उघडं असतं? ऑक्टोबर हीट ओसरली की नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी. बस. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी ३२-३३ होतंच, मार्चमध्ये काय होतं ते माझ्या बॅगेने दाखवलं. शेतात जमिनीखाली सहा इंचांवर तरी गारवा राहतो, बॅगला चारही बाजूंनी ऊन लागतं आणि खालून स्लॅब तापतो, म्हणून गच्चीवरचा हंगाम शेतापेक्षाही आखूड. या आखूड हंगामात नव्वद दिवस बसवायचे असतील तर उलटं मोजावं लागतं, फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढायचे तर ऑक्टोबर संपायच्या आत लावलेच पाहिजेत. नोव्हेंबरचे पहिले दहा दिवस फार तर. दुसऱ्या वर्षीचं माझं अर्धं नुकसान २२ नोव्हेंबरलाच झालं होतं, बाकीचं अर्धं फुलांच्या नादात.

तर या वर्षी. मामा भाऊबीजेला आईकडे आला (आई आमच्याकडेच असते) आणि ओवाळणीसोबत बहिणीसाठी पिशवीत दोन किलो पुखराजचं बेणं, म्हणजे लावायचे आलू, घेऊन आला. त्यातलं मला अठरा नग पुरले, बाकीचं त्याने शेजारच्या काकूंना देऊन टाकलं. बेण्याबद्दल एकच सांगते, पहिल्या वर्षी मी घरातल्या भाजीच्या आलूंमधून बेणं केलं होतं, त्यातले अर्धे महिनाभर तसेच पडून होते, कोंबच नाही. कोल्ड स्टोरेजच्या काही आलूंना कोंब येऊ नये म्हणून औषध दिलेलं असतं, त्यामुळे भाजीवाल्याचा आलू फुटेलच याची खात्री नाही. अंड्याएवढं अखंड बेणं मिळालं तर कापू नका, मोठं असेल तर प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे येतील असं कापा आणि दोन दिवस सावलीत कापलेली बाजू सुकू द्या, ओलं लावलं की सडतं.

२८ ऑक्टोबरला लावले. बॅग साधारण सव्वा फूट उंच आणि तेवढीच रुंद, एकीत तीन बेणी. ग्रो बॅगच हवी असं नाही, काकूंनी सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या (पोती) धुऊन, खाली भोकं पाडून लावले, त्यांचे आलूही चांगले आले. आपली काळी माती एकटी घालू नका हे मात्र कळकळीने सांगते, ती ओली झाली की फुगते, चिकटते, वाळली की तडकते, आणि त्या दाबात आलू वेडावाकडा होतो किंवा सडतो. मी एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि वरून दोन घमेली कन्हान नदीची रेती असं मिसळलं, मूठभर निंबोळी पेंड. राख घातली नाही. आई म्हणत होती घाल घाल, पण आपल्याकडची माती आधीच अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट बाजूची असते आणि आलूला किंचित आंबट माती आवडते, राखेने ती आणखी उलट दिशेला जाते आणि सालीवर खवले धरतात. कच्च्या शेणानेही तेच होतं.

सुरुवातीला बॅग अर्धीच भरायची, झाड वीतभर वर आलं की पानांचा शेंडा सोडून बाकी खोड झाकेल एवढी माती चढवायची, असं दोनदा. मातीची भर का द्यायची तर आलू मुळाला लागत नाही. मामाच्या शब्दांत, "आलू मुयाले नाही लागत, खोडाले लागते." तो खोडाचाच फुगलेला भाग आहे, डोळे म्हणजे खोडावरचे पेर, म्हणून उजेड लागला की पानासारखा हिरवा होतो. आणि हिरवा झाला की सोलॅनिन वाढतं, ते विषारी, शिजवूनही जात नाही. तेव्हा मातीची भर ही मुख्यतः आलू अंधारात ठेवायला. पाच फूट उंच पोतं करून थरावर थर आलू घ्यायचे असंही काही जण दाखवतात, मी पहिल्या वर्षी एक पोतं तसं केलं होतं, वरचे थर नुसती माती निघाली, आलू सगळे खालच्या वीत-दीड वीत भागात. लवकर येणाऱ्या जाती एकदा काय ते धरतात.

पाण्याचं म्हणाल तर वाफसा हवा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी, चिखल नको. बोट पहिल्या पेरापर्यंत घालायचं, कोरडं लागलं तर पाणी. थंडीत दिवसाआड पुरायचं. डिसेंबरात दोन-तीन दिवस ढगाळ आणि गारठा होता तेव्हा खालची पानं काढून टाकली आणि पाणी फक्त मुळाशी दिलं, कारण अशा हवेत करपा रोग फार पटकन येतो. आला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट.

मी लावल्याच्या दिवशीच कॅलेंडरवर तीन तारखांना गोल केले होते. पुखराज सत्तर ते नव्वद दिवसांची, म्हणून पंचाहत्तरावा दिवस ११ जानेवारी, नव्वदावा दिवस २६ जानेवारी, आणि त्यानंतर बारा दिवसांनी ७ फेब्रुवारी. तारखा म्हणजे हुकूम नाही, पण त्या दिवशी वर जाऊन नीट बघायचं, हे ठरवून टाकलं. कारण रोज बघितलं की बदल दिसत नाही आणि रोज काढावंसं वाटतं.

११ जानेवारीला, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, चाचपून पाहिलं. हे कसं करायचं ते सांगते, कारण यातच सगळी मजा आहे. आदल्या दिवशी पाणी द्यायचं नाही, माती मोकळी हवी. खुरपी नको, चमचा नको, फक्त हात. बॅगच्या कडेने, झाडापासून लांब, बोटं सरळ ठेवून मनगटापर्यंत हळूहळू आत जायचं, आणि मग बोटांच्या टोकांनी झाडाकडे सरकायचं. पहिल्यांदा मुळांचं जाळं लागतं, दोऱ्यासारखं. मग एक जाडसर दोरा लागतो, ओलसर, तो खोडाचा फाटा. त्याच्या मागे मागे गेलं की एकदम काहीतरी गार आणि गुळगुळीत बोटाला लागतं, दगड नाही हे लगेच कळतं, दगडाला असा गोलवा नसतो. मी डोळे मिटून करते हे. अंड्यापेक्षा मोठा होता. लेकीचाही हात धरून आत नेला, तिचं तोंड असं उघडं पडलं की फोटो काढायला दुसरा हात रिकामा हवा होता. तो एक आणि त्याच्या बाजूचा एक, दोन आलू तोडून घेतले, माती परत दाबली, झाडाला काही झालं नाही.

मग अंगठ्याची परीक्षा. आलू हातात धरायचा आणि अंगठ्याने जरा दाबून साल घासायची. साल सरकली, सुरकुती पडली, म्हणजे कच्ची. दोन्हींची सरकली. म्हणजे भरलेत चांगले पण ठेवायला अजून तयार नाहीत. त्या दोघांची त्याच संध्याकाळी भाजी झाली, सालीसकट, जिरं, हिरवी मिरची आणि वरून सांबार. (पुण्याच्या मैत्रिणींनो, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर.) नवा आलू खायचाच असेल तर असाच दोन-चार काढून खायचा, सगळी बॅग मोडायची नाही, हे पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं असतं तर!

नंतरचे पंधरा दिवस खालून पानं पिवळी व्हायला लागली. ही पिवळी आणि रोगाची पिवळी यात फरक आहे, रोगात डाग पडतात, काळे-तपकिरी, कुठूनही सुरू होतात. म्हाताऱ्या झाडाची पानं खालून वर, सगळ्या झाडांची जवळपास एकदम, संपूर्ण पान फिकट पिवळं होत जातं आणि खोड सैल पडून बाजूला झुकतं. मी पाणी कमी कमी करत आणलं.

२६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन करून आलो आणि वर गेले. साधारण अर्धा पाला पिवळा, शेंडे हिरवे. इथे माझं मन पुन्हा डळमळलं, खरं सांगते. हिरवी पानं आहेत म्हणजे झाड अजून काम करतंय, अजून आठ-दहा दिवसांत अजून थोडे भरतील. मामाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने झाडं बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "दुपारी माती किती तपते?" मी सांगितलं, पश्चिमेच्या भिंतीजवळची बॅग तीन वाजता हाताला कोमट लागते. "मग काप आजच. आता जे भरतीन त्याच्याहून जास्त नुकसान होईन." शिवाय फेब्रुवारी लागला की मावा (पानांचा रस शोषणारी कीड) वाढतो, आणि विदर्भात या दिवसांत गारपीट काही नवीन नाही, ओल्या मातीत तयार आलू सापडले की सडायला वेळ लागत नाही. थंड देशात पाला पूर्ण वाळेपर्यंत थांबतात, बरोबर आहे, त्यांच्याकडे पुढे गारवा येत असतो. आपल्याकडे पुढे उन्हाळा येत असतो. निर्णय इथेच फिरतो.

मी कैचीने सगळी झाडं मातीपासून दोन इंच सोडून कापली. उपटायची नाहीत, उपटली तर आलूही सोबत येतात आणि साल सोलवटते. कापल्या दिवसापासून पाणी पूर्ण बंद. सगळ्या बॅग ओढत जिन्याच्या खोलीच्या सावलीत नेल्या आणि वरून ज्यूटची पोती टाकली, कारण पाला गेला की मातीवर थेट उजेड पडतो, माती सुकून भेगा पडतात आणि त्या भेगांतून उजेड आत जाऊन वरचे आलू हिरवे होतात. हे बारा दिवस म्हणजे सालीचे दिवस. वरून झाड नाही, पाणी नाही, मग आलू वाढणं थांबवतो आणि साल पक्की करतो. बाहेरून पाहिलं तर मातीने भरलेल्या सहा पिशव्या पोत्याखाली पडल्या आहेत, बाकी काहीच होत नाही, आणि मला हे बारा दिवस आधीच्या नव्वदपेक्षा जड गेले.

काल सकाळी एक आलू चाचपून काढला, अंगठ्याने घासला. साल हलली नाही. पुन्हा जोरात घासला. नाही हलली. मग ताडपत्री.

आई खुर्ची टाकून बसली होती, माती बोटांनी फोडून आलू वेगळे करायचं काम तिचं. तिच्या हाताला बरोबर सापडतात, मी जिथे सगळे निघाले म्हणून पुढे जायचे तिथून ती अजून दोन काढायची. चार बॅगांमधून दीड-दीड किलोच्या आगेमागे निघाले, पश्चिमेच्या भिंतीजवळच्या बॅगमधून मात्र फक्त ९०० ग्रॅम. तेच बेणं, तीच माती, तेवढंच पाणी. दुपारची भिंत तापते तेवढाच फरक. पुढच्या वर्षी त्या भिंतीशी आलू नाही, तिथे मिरची ठेवीन. सगळ्यात मोठा आलू २१० ग्रॅमचा, आतून फिकट पिवळा. दोन हिरवे निघाले, वरच्या थरातले, ते फेकले.

धुतले नाहीत, धुवायचेच नाहीत. माती हाताने झाडली आणि आता ते जिन्याखाली अंधारात, टोपल्यात, एकावर एक फार न रचता पसरले आहेत. दहा दिवस असेच राहतील, छोटे ओरखडे भरून येतात तेवढ्यात. कापले गेलेले आणि खरचटलेले चार वेगळे काढले, ते या आठवड्यात संपवायचे. कांद्याजवळ ठेवू नका. फ्रिजमध्येही नको, थंडीने त्यातल्या स्टार्चची साखर होते, भाजी गोड लागते आणि तळला की काळपट होतो. आपल्या उन्हाळ्यात घरचा आलू महिना-दीड महिन्याच्या वर टिकवायच्या भानगडीत पडू नये, आणि यातलंच पुढच्या वर्षीचं बेणं ठेवू असाही विचार करू नये, मे महिन्यातली ४५ डिग्री काढणं घरात शक्य नाही, बेणं कोल्ड स्टोरेजमध्येच राहतं. मातीत आता मेथी आणि सांबार टाकेन. टमाटर, वांगी, मिरची नाही, ती आलूच्याच खानदानातली, रोग तोच पुढे जातो.

रात्री आईने चार आलू गॅसवर जाळीत भाजले. साल काढून हातानेच कुस्करले, कच्चा कांदा, तिखट, मीठ, सांबार आणि वरून कच्चं जवसाचं तेल. भाकरीसोबत. लेक तिखट खात नाही, तिने नुसतं मीठ लावून दोन खाल्ले आणि विचारलं की हे तेच का ज्याला मी हात लावला होता.

सहावी बॅग पोत्याखाली सावलीत आहे. माती कोरडी आहे, साल पक्की झाली आहे, आठवडाभर तिला काही होत नाही, त्याच्यापुढे मी ठेवणार नाही. मामा रविवारी येतोय. फोनवर म्हणाला, "येक ठेव माह्यासाठी, मी सोता काढतो. एवढ्या वर्षांत शेतातला आलू लय काढला, छतावरचा नाही काढला."